अल्माझ : पहिल्या लष्करी अंतराळस्थानकाची छेद-प्रतिकृती कशी बांधावी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत अंतराळस्थानकाची प्रतिकृती दरवर्षी दिसते. बहुतेक वेळा ती पांढऱ्या नळकांड्यांना चकचकीत निळे कागदी पंख लावून केलेली असते आणि तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आत कोण राहत होते, काय करत होते, हे काहीच कळत नाही. या लेखात सोव्हिएत संघाच्या ‘अल्माझ’ या लष्करी स्थानकाची, म्हणजे १९७४ साली ‘सल्यूत-३’ या नावाने उडालेल्या स्थानकाची, छेद-प्रतिकृती (आतले भाग दिसावेत म्हणून कवच कापलेली प्रतिकृती) बांधण्याची पद्धत दिली आहे. आठवी ते दहावीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली ही प्रतिकृती बांधू शकतात आणि बहुतेक सामान आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: बांधकामाची सुरुवात कवचापासून नव्हे, तर आतल्या कॅमेऱ्यापासून करावी. अल्माझच्या रचनेतला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या कॅमेऱ्यासाठी घेतला गेला होता, आणि ते एकदा लक्षात आले की कोणता भाग कुठे आणि का, हे पाठ करावे लागत नाही.

योग्य आराखडा निवडणे

अल्माझची कल्पना सोव्हिएत रचनाकार व्लादिमिर चेलोमेय यांच्या रचना-विभागाने १९६४ साली मांडली. जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या लष्करी हालचालींवर नजर ठेवणारे, माणसे असलेले टेहळणी केंद्र कक्षेत ठेवावे, हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकेच्या हवाई दलाचे ‘मॅन्ड ऑर्बिटिंग लॅबोरेटरी’ हे स्थानक त्याच काळात कागदावर आकार घेत होते. त्याची घोषणा डिसेंबर १९६३ मध्ये झाली आणि एकही अंतराळवीर न उडवता ते जून १९६९ मध्ये रद्द झाले. अल्माझ मात्र प्रत्यक्षात उडाले. पहिले, ‘सल्यूत-२’, एप्रिल १९७३ मध्ये कक्षेत पोहोचले, पण काही दिवसांतच त्यातली हवा निघून गेली आणि कोणी त्यात पाऊल ठेवण्याआधीच ते निकामी झाले. दुसरे ‘सल्यूत-३’ आणि तिसरे, जून १९७६ मध्ये उडालेले ‘सल्यूत-५’, या दोन्हींत अंतराळवीर राहून काम करून आले.

येथे एका घोळापासून विद्यार्थ्यांना आधीच सावध करावे लागते. ‘सल्यूत’ हे नाव सोव्हिएत संघाने दोन वेगळ्या जातींच्या स्थानकांना दिले, आणि लष्करी स्थानके नागरी स्थानकांच्या आडून लपवणे हे त्यामागचे एक कारण होते. १९७१चे ‘सल्यूत-१’, नंतरचे ‘सल्यूत-४’, ‘सल्यूत-६’ आणि एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा जिथे राहून आले ते ‘सल्यूत-७’, ही नागरी स्थानके होत. त्यांचा सांगाडा अल्माझच्या सांगाड्यावरूनच आला, पण आतली यंत्रणा वेगळी होती. इंटरनेटवर ‘सल्यूत’ शोधले की या सगळ्यांची चित्रे सरमिसळ होऊन समोर येतात. चित्र अल्माझचे आहे की नाही, हे दोन खुणांवरून ओळखावे. अंतराळवीरांना नेणारे सोयुझ यान जोडण्याची जागा मागच्या टोकाला, मुख्य इंजिनांच्या बाजूला असेल, आणि सौरपंख मोजून दोनच असून तेही मागच्या टोकाजवळ असतील, तर ते अल्माझ. ‘सल्यूत-१’ला चार छोटे पंख होते आणि यान पुढून जोडले जाई, ‘सल्यूत-४’ला तीन पंख होते. या खुणा नीट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण चुकीच्या आराखड्यावर केलेले सुबक काम शेवटी चुकीचेच राहते.

प्रमाण

अल्माझची लांबी सुमारे १४.५५ मीटर, मोठ्या भागाचा व्यास ४.१५ मीटर, लहान भागाचा व्यास २.९ मीटर आणि सौरपंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे १७ मीटर होते. वजन १९ टनांच्या आसपास होते. या मापांना आपण १:२६ हे प्रमाण लावणार आहोत. हे प्रमाण विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. ४.१५ मीटरला २६ने भागले की जवळपास १६० मिलिमीटर येतात आणि २.९ मीटरला भागले की ११० मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त येतात. आपल्याकडे इमारतींच्या सांडपाण्यासाठी वापरले जाणारे पीव्हीसी पाइप नेमके याच दोन बाह्य व्यासांत मिळतात. घोडबंदर रोडवर किंवा घणसोली-ऐरोलीकडे जिथे बांधकाम चालू असते, तिथे अशा पाइपांचे उरलेले तुकडे मागितले तर सहसा मिळतात. नवीन घ्यायचे झाले तर हार्डवेअरच्या दुकानात ‘एसडब्ल्यूआर पाइप’ म्हणून मागावेत. दुकानदार तुकडा कापून देत असेल तर उत्तमच.

या प्रमाणात प्रतिकृतीची लांबी ५६ सेंटिमीटर आणि पंखांचा विस्तार सुमारे ६५ सेंटिमीटर होतो. पावणेसहा फुटांच्या आतबाहेरचा अंतराळवीर पावणेसात सेंटिमीटर उंच होईल. ही उंची लक्षात ठेवावी, कारण आतल्या प्रत्येक वस्तूचे माप तपासण्यासाठी तीच सर्वांत सोपी पट्टी आहे.

लहान भाग किती लांब, मोठा भाग किती लांब, मधला उतार कुठे सुरू होतो, ही मापे आकड्यांवरून न घेता आराखड्यावरून घ्यावीत. निवडलेला बाजूचा आराखडा संगणकावर अशा रीतीने मोठा करावा की स्थानकाची लांबी बरोबर ५६ सेंटिमीटर होईल, आणि तो ए-टू आकाराच्या कागदावर छापून घ्यावा. ए-टू कागदाची लांबी ५९.४ सेंटिमीटर असल्याने आराखडा त्यावर पुरतो. नौपाडा, गोखले रोड किंवा वाशीच्या सेक्टरांमध्ये वास्तुविशारदांचे नकाशे छापून देणारी प्लॉटिंगची दुकाने आहेत. तिथे हे काम काही मिनिटांत होते. छापल्यावर सर्वांत आधी पट्टीने व्यास मोजावा. मोठा भाग १६ सेंटिमीटरच्या जवळ आला नाही, तर आराखडा ताणला गेला आहे असे समजून पुन्हा छापावा.

प्रथम कॅमेरा

पाइप कापण्यापूर्वी विद्यार्थ्यांना बसवून पुढचे गणित करून घ्यावे. माझ्या मते प्रतिकृतीच्या संपूर्ण कामात याहून मोलाचा तास दुसरा नाही.

सल्यूत-३ वरच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाव ‘अगात-१’ होते आणि त्याचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) सुमारे ६.४ मीटर होते. स्थानक साधारण अडीचशे किलोमीटर उंचीवरून फिरत होते. ६.४ मीटरला २,५०,००० मीटरने भागले की जमिनीवरचा एक किलोमीटर फिल्मवर अडीच सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त जागा घेतो. वाशीचा खाडीपूल सुमारे १.८ किलोमीटर लांब आहे. म्हणजे तो या फिल्मवर साडेचार सेंटिमीटरहून थोडा मोठा उमटला असता, आणि तोही नकाशावरची रेघ म्हणून नव्हे तर प्रत्यक्ष छायाचित्र म्हणून. कॅमेऱ्याची सूक्ष्मता, म्हणजे ओळखता येणाऱ्या सर्वांत लहान वस्तूचे माप, तीन मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. तेवढ्या सूक्ष्मतेत तलावपाळीच्या काठाचे प्रत्येक वळण दिसले असते, ठाणे स्थानकाच्या फलाटांवरची छपरे मोजता आली असती, रस्त्यावरची बस एखाद्या ठिपक्याएवढी दिसली असती, पण माणूस दिसला नसता. कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल ५१.६ अंश होता, म्हणजे स्थानक ५१.६ अंश उत्तर ते तितक्याच दक्षिण अक्षांशापर्यंतच्या पट्ट्यावरून जात होते. आपला १९ अंशांचा प्रदेश त्या पट्ट्यात आरामात येतो.

आता दुसरे गणित. इतक्या कमी उंचीवर स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते आणि सुमारे दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते. कॅमेऱ्याचे झापड सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा वेळ जरी उघडे राहिले, तरी तेवढ्यात खालची जमीन ७५ मीटर सरकते. तीन मीटरची वस्तू ओळखायची असेल तर हे सरकणे भरून काढावे लागते, आणि त्यासाठी स्थानक सतत एकाच बाजूने पृथ्वीकडे तोंड करून स्थिर राहावे लागते. पृथ्वीच्या संदर्भात अशी कायम स्थिर दिशा राखणारे सल्यूत-३ हे पहिले स्थानक मानले जाते, आणि ती दिशा राखण्यासाठी त्याच्या छोट्या दिशादर्शक इंजिनांचे सुमारे पाच लाख झोत सोडले गेले. म्हणूनच प्रतिकृतीवर ही छोटी इंजिने शोभेची बटणे म्हणून चिकटवू नयेत. आराखड्यात ती जिथे दिसतात तिथेच बसवावीत आणि फलकावर हे कारण लिहावे.

याच गणितातून आणखी दोन गोष्टी निघतात. ६.४ मीटरचे नाभीय अंतर ४.१५ मीटर व्यासाच्या नळकांड्यात सरळ उभे मावत नाही, तेव्हा प्रकाशाचा मार्ग आरशांनी दुमडावा लागतो. आणि एवढे करूनही कॅमेरा मोठ्या भागात जमिनीपासून छतापर्यंत जागा व्यापतो. दुसरे म्हणजे, सूक्ष्मतेसाठी कक्षा खालची ठेवली की वातावरणाचा विरळ थर स्थानकाला सतत मागे खेचतो, त्यामुळे कक्षा वारंवार उचलण्यासाठी मुख्य इंजिने आणि इंधन लागते. मागच्या टोकाची दोन मुख्य इंजिने त्यासाठीच होती.

कॅमेऱ्याची प्रतिकृती करण्यासाठी मोठ्या पाइपच्या आतल्या पोकळीत बसेल असे उभे नळकांडे घ्यावे. जाड पुठ्ठ्याची नळी किंवा ५० मिलिमीटरचा पाइप चालतो. त्याचे तोंड खाली, जमिनीच्या दिशेने ठेवावे आणि तोंडाशी घड्याळाची जुनी काच किंवा अ‍ॅक्रिलिकची चकती बसवावी. नळकांड्याचा एक चतुर्थांश भाग कापून आत दोन छोटे आरसे तिरपे लावले आणि प्रकाशाचा मार्ग लाल दोऱ्याने दाखवला, तर पाहणाऱ्याला दुमडलेला मार्ग न सांगता समजतो. आतल्या आरशांची ही मांडणी तत्त्व दाखवण्यापुरती आहे, असे फलकावर स्पष्ट लिहावे. कॅमेऱ्याशेजारी अंतराळवीराचे आसन आणि जमिनीकडे पाहण्याचे दृष्टियंत्र ठेवावे. मुख्य कॅमेऱ्याव्यतिरिक्त नकाशांसाठीचा, ताऱ्यांच्या नोंदीसाठीचा आणि अवरक्त प्रकाशातला कॅमेराही या स्थानकावर होता, पण प्रतिकृतीत हे सगळे दाखवण्याचा हट्ट धरू नये. गर्दी झाली की मुख्य गोष्ट हरवते.

कवच कापणे

आता पाइप. छापलेल्या आराखड्यावरून दोन्ही भागांच्या लांबी घेऊन करवतीने तुकडे करावेत. पाइपभोवती कागदाची सरळ पट्टी घट्ट गुंडाळून तिच्या कडेने रेघ मारली की काप तिरका जात नाही. पीव्हीसी तापलेल्या तारेने किंवा चाकूने कापण्याचा मोह टाळावा, कारण जळणाऱ्या पीव्हीसीतून निघणारा धूर फुप्फुसांना घातक असतो. करवतीने कापतानाही तोंडाला मास्क लावावा आणि काम गॅलरीत किंवा मोकळ्या जागेत करावे.

छेद दाखवण्यासाठी प्रत्येक तुकड्याचा एक तृतीयांश घेर उघडा ठेवावा. १६० मिलिमीटरच्या पाइपचा घेर सुमारे ५०.३ सेंटिमीटर, म्हणून खिडकीची रुंदी पावणेसतरा सेंटिमीटर. ११० मिलिमीटरच्या पाइपचा घेर ३४.६ सेंटिमीटर, म्हणून खिडकी साडेअकरा सेंटिमीटर. खिडकीच्या दोन्ही टोकांना दोन सेंटिमीटरचा अखंड कडा सोडावा, नाहीतर पाइप आपला गोलाकार सोडून उघडतो आणि जोड बसत नाही. कडा घासून झाल्यावर लाल रंगाची बारीक रेघ ओढावी. तांत्रिक चित्रांत छेद असाच दाखवतात आणि पाहणाऱ्याला ही स्थानकाची खरी खिडकी नव्हे हे कळते.

दोन पाइपांमधल्या उतारासाठी दुकानात तयार रिड्युसर मिळतो, पण तो घेऊ नये. त्याचा कडा पाइपवर चढतो, त्यामुळे बाहेरचा व्यास वाढतो आणि आकार बिघडतो. उतार जाड आयव्हरी कार्डाचा करावा. त्याची उंची आराखड्यातून घ्यावी. समजा ती चार सेंटिमीटर आली, तर दोन्ही त्रिज्यांमधला फरक अडीच सेंटिमीटर असल्याने तिरकी बाजू ४.७ सेंटिमीटर होते. कार्डावर एकाच केंद्रातून १५.१ आणि १०.४ सेंटिमीटर त्रिज्येचे दोन कंस काढावेत, १९१ अंशांचा भाग कापावा, चिकटवण्यासाठी एक सेंटिमीटर जादा ठेवावा आणि गुंडाळावा. उंची वेगळी आली तर तिरक्या बाजूला ८ने गुणून २.५ने भागावे, म्हणजे मोठ्या कंसाची त्रिज्या मिळते. तिच्यातून तिरकी बाजू वजा केली की लहान कंसाची त्रिज्या मिळते. आणि ३६० गुणिले ८ भागिले मोठी त्रिज्या, हा कोन. नववीच्या विद्यार्थ्यांना हे गणित स्वतः करू द्यावे. पावसाळ्यात काम चालू असेल तर कार्डाला आतून-बाहेरून पातळ फेविकॉलचा हात द्यावा, नाहीतर खाडीकाठच्या दमट हवेत ते आठवडाभरात मऊ पडते.

आतली मांडणी

अल्माझमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ ठरलेले होते. जमीन होती, छत होते, दिवे छताला होते, आणि पाय धरून राहावेत म्हणून जमिनीवर वेल्क्रो होते. प्रतिकृतीत जमिनीसाठी तीन मिलिमीटरचा सनबोर्ड वापरावा आणि दोन्ही भागांत तो मध्यअक्षाच्या ४.२ सेंटिमीटर खाली, एकाच पातळीत बसवावा. तेथे मोठ्या भागात त्याची रुंदी सुमारे १२.८ आणि लहान भागात सुमारे ६ सेंटिमीटर येते. पाइपच्या जाडीप्रमाणे एखाद-दुसरा मिलिमीटर घासावा लागेल. वेल्क्रोसाठी गडद रंगाचे फेल्ट कापड चिकटवावे.

पुढचा लहान भाग हा राहण्याचा. स्थानक दोन माणसांसाठी होते. एक पलंग कायमचा आणि एक घडीचा, टेबल, खुर्च्या, स्नानाची सोय, फावल्या वेळासाठी चुंबकी बुद्धिबळ, पुस्तके आणि टेप वाजवण्याचे यंत्र. व्यायामासाठी धावण्याचा पट्टाही होता आणि सल्यूत-३ वरचे दोघे दिवसाला सुमारे दोन तास व्यायाम करत. जुलै १९७४ मध्ये येथे राहिलेले ते दोघे म्हणजे पावेल पोपोविच आणि युरी अर्त्युखिन. पंधरा दिवसांच्या आसपासच्या त्या मुक्कामात त्यांनी बैकोनूरच्या प्रक्षेपणतळाजवळ जमिनीवर मुद्दाम मांडलेल्या खुणांची छायाचित्रे घेऊन कॅमेऱ्याची परीक्षा केली. प्रतिकृतीत एका अंतराळवीराला कॅमेऱ्याशी आणि दुसऱ्याला घडीच्या पलंगावर दाखवावे; दोघांचे काम आणि विश्रांती आळीपाळीने चालत असल्याने हे चित्र विषयाला धरून आहे. बुद्धिबळाचा पट या प्रमाणात नखाएवढा होतो. तो जरूर करावा, कारण लहान मुले सर्वांत आधी तोच शोधतात.

मोठ्या भागात कॅमेरा, नियंत्रणाचे टेबल आणि फिल्म धुण्याची सोय येते. फिल्म स्थानकावरच धुतली जाई आणि तातडीची चित्रे दूरचित्रवाणीच्या मार्गाने जमिनीवर पाठवता येत. मात्र पूर्ण सूक्ष्मतेची फिल्म हातात यायची तर ती खाली उतरवावीच लागे, आणि त्यासाठी मागच्या टोकाला जी व्यवस्था होती ती अल्माझच्या रचनेतला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे.

मोठ्या भागाच्या मागे एक गोल कक्ष होता. त्याच्या मागच्या तोंडाला सोयुझ जोडले जाई. वरच्या बाजूला अंतराळात बाहेर पडण्याचे दार होते. आणि खालच्या दारातून एका छोट्या कप्प्यात जाता येई, जिथे ड्रमच्या आकाराची कुपी बसवलेली असे. फिल्म कुपीत भरून दार बंद केले की कुपी सुटून स्वतंत्रपणे पृथ्वीवर उतरे. सल्यूत-३ ची कुपी सप्टेंबर १९७४ मध्ये खाली आली. उतरताना ती चेपली, पण आतली फिल्म वाचली. प्रतिकृतीत गोल कक्षासाठी जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारा योग्य मापाचा प्लास्टिकचा चेंडू घ्यावा आणि तोही छेदावा. थर्माकोलचा गोळा घेतला तर स्प्रेच्या रंगापूर्वी त्यावर फेविकॉलचे दोन हात द्यावेत, कारण स्प्रेतील द्रावक थर्माकोल खाऊन टाकतो. कुपीसाठी एखाद्या बाटलीचे योग्य मापाचे झाकण वापरावे आणि ते छोट्या चुंबकाने असे बसवावे की पाहणाऱ्याला स्वतःच्या हाताने काढता यावे.

सौरपंख या गोल कक्षाजवळ दोन्ही बाजूंना येतात. वागळे इस्टेटमध्ये अ‍ॅक्रिलिक कापून देणारी छोटी वर्कशॉप्स आहेत; तिथून दोन पातळ पट्टे कापून घ्यावेत किंवा सनबोर्डच वापरावा. त्यावर गडद निळा कागद आणि चंदेरी पेनाने चौकटी. पंख फिरणारे होते, म्हणून ते सायकलच्या आऱ्यावर बसवावेत, म्हणजे हाताने फिरवता येतात.

तोफ

प्रदर्शनात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न तोफेचा असतो, आणि विद्यार्थी सर्वाधिक चूक येथेच करतात. सल्यूत-३ च्या पोटाखाली २३ मिलिमीटरची विमानी तोफ बसवलेली होती. शत्रूचे यान तपासणीसाठी किंवा हल्ल्यासाठी जवळ आले तर बचाव करता यावा, हा तिचा हेतू होता. ती स्थानकाला घट्ट जोडलेली असल्याने नेम धरण्यासाठी १९ टनांचे संपूर्ण स्थानक वळवावे लागे. आत माणसे असताना ती कधीच चालवली गेली नाही. जानेवारी १९७५ मध्ये, स्थानक कक्षेतून खाली आणण्याच्या सुमारास, जमिनीवरून आज्ञा देऊन तिची चाचणी घेतली गेली. सल्यूत-५ वर तोफ नव्हती.

१:२६ प्रमाणात या तोफेच्या नळीचे तोंड एक मिलिमीटरहूनही लहान होते. म्हणजे पितळेची दोन मिलिमीटर जाडीची नळी पुरेशी आहे आणि तीही पोटाला लगटून. पेनाच्या जाडीची तोफ पुढे रोखलेली दाखवली की स्थानक युद्धनौकेसारखे दिसू लागते आणि ज्या टेहळणीसाठी ते बांधले गेले ती मागे पडते. विद्यार्थी हट्ट करतील. त्यांना प्रमाणाची पट्टी हातात द्यावी आणि मोजायला सांगावे.

सोयुझ जोडावे की नाही

वेळ असेल तर जरूर जोडावे, कारण त्याशिवाय मागचे तोंड अर्थहीन दिसते. सोयुझची लांबी या प्रमाणात सुमारे २९ सेंटिमीटर आणि सर्वांत रुंद व्यास साडेदहा सेंटिमीटर येतो. त्या काळच्या वाहतुकीच्या सोयुझला सौरपंख नव्हते, हे विसरू नये. त्या यानाला सुमारे दोन दिवस पुरेल एवढीच बॅटरी असे. म्हणून जोडणी फसली की परत फिरण्यावाचून इलाज नसे. ऑगस्ट १९७४ मध्ये सोयुझ-१५ सल्यूत-३ ला जोडले गेले नाही आणि दोन दिवसांत परतले. ऑक्टोबर १९७६ मध्ये सोयुझ-२३ सल्यूत-५ ला जोडले गेले नाही आणि परत येताना कझाकस्तानातल्या तेंगिझ सरोवरात, कडाक्याच्या थंडीत उतरले. अनेक विद्यार्थी शोभेसाठी सोयुझलाही पंख लावतात. त्या पंखांमुळे ही दोन्ही परतणी समजावून सांगणे अशक्य होते.

रंग, दिवे आणि फलक

कवचाला पांढऱ्याकडे झुकणारा फिका करडा रंग द्यावा. पीव्हीसीवर रंग धरण्यासाठी आधी बारीक पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारावा. सनबोर्डच्या छताला पाच व्होल्टची एलईडी पट्टी लावून ती मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालवावी. प्रदर्शनाच्या सभागृहात प्रत्येक टेबलाशी प्लग मिळतोच असे नाही. प्रतिकृती लोकलने न्यायची असेल तर पंख आणि सोयुझ सुटे राहतील अशी सोय आधीच ठेवावी, कारण ६५ सेंटिमीटरचा विस्तार गर्दीच्या डब्यात टिकत नाही.

फलकावर स्थानकाचे प्रसिद्ध नाव आणि खरे नाव, ‘सल्यूत-३’ आणि ‘अल्माझ’, दोन्ही लिहावीत. परीक्षक बहुधा विचारतील की अशी स्थानके पुढे का बांधली गेली नाहीत. उत्तर खर्चाच्या हिशेबात देता येते. दोन माणसांना जिवंत ठेवण्यासाठी हवा, पाणी, अन्न, व्यायाम, ये-जा करणारी याने आणि सतत लक्ष लागते, तर फिल्म आणणारे मानवरहित उपग्रह तेच छायाचित्रण कमी खर्चात करू लागले होते. सल्यूत-५ वर पहिले पथक, बोरिस वोलिनोव आणि विताली झोलोबोव, ऑगस्ट १९७६ मध्ये ठरल्यापेक्षा आधी परतले. हवेत उग्र वास येत असल्याची तक्रार नोंदली गेली होती, म्हणून फेब्रुवारी १९७७ मध्ये गेलेल्या व्हिक्टर गोर्बात्को आणि युरी ग्लाझकोव यांना आत जाताना श्वसनाचे मुखवटे सोबत घ्यावे लागले आणि काही हवा बाहेर सोडून नवी भरण्याचे काम करावे लागले. म्हणजे कॅमेऱ्यासाठी पाठवलेल्या माणसांचा वेळ स्थानकच राहण्याजोगे ठेवण्यात जात होता. १९७८ नंतर अल्माझची माणसे नेणारी योजना थांबली आणि तोच सांगाडा पुढे रडार वाहणाऱ्या मानवरहित उपग्रहांसाठी वापरला गेला. त्यांपैकी एक ‘अल्माझ-१’ या खऱ्या नावाने मार्च १९९१ मध्ये उडाला. अल्माझला माल आणि माणसे पोहोचवण्यासाठी चेलोमेय यांच्याच विभागाने जे वाहतूक यान आखले होते, त्याच्या रचनेतून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचा १९९८ साली उडालेला पहिला भाग ‘झार्या’ आला. तो भाग आजही कक्षेत आहे आणि त्याच्या कक्षेचा कलही ५१.६ अंशांचाच आहे. फलकाच्या तळाशी शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ज्या स्थानकावर गेले त्याचे छोटे चित्र लावून त्यावर ‘झार्या’चा भाग बाणाने दाखवावा.